डॉक्टरबाईंची निवृत्ती आणि दोन सरकारांची सोयरीक

डॉक्टरबाईंच्या निरोपाची भाषणं आता लोकांना तोंडपाठ झाली होती. दरवर्षी बाई निवृत्त व्हायच्या, दवाखान्याच्या आवारात खुर्च्या मांडल्या जायच्या, दूध संघाचे अध्यक्ष डोळे पुसायचे, बाईंच्या हाती भिंतीवरचं घड्याळ ठेवलं जायचं, आणि आठवड्याभरात मुदतवाढीचा हुकूम यायचा. बाई पुन्हा कामावर हजर. घड्याळं तेवढी घरी साठत गेली.

"आता एक भिंत बांधून घेऊ," त्यांचे यजमान म्हणाले. ते भूगोलाचे निवृत्त मास्तर. एकदाच निवृत्त झाले होते आणि तेवढ्यावर थांबले होते, याचा त्यांना अभिमान होता. "पुढच्या वर्षीचं घड्याळ टांगायला जागा नाही."

बाई गुरांच्या डॉक्टर. अख्ख्या तालुक्यात त्या एकट्याच. दवाखाना म्हणजे फिनेलच्या वासाची एक लांबट खोली, लशींचा घरघरणारा फ्रिज, बाहेर जनावर उभं करायचा लोखंडी खोडा आणि पिंपळाच्या सावलीतला एक बाक. त्या बाकावर मांडीवर कोंबडी घेतलेली म्हातारी आणि पट्ट्याला लोंबकळणारा कुत्रा यांच्यामध्ये बसून लोक आपली पाळी येण्याची वाट बघत. बाईंचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड होता. अडलेल्या गाईंच्या पोटात खांद्यापर्यंत घालून घालून तो तसा झाला होता. आणि जीभ दोन्ही हातांपेक्षा तिखट. शेळीला पोटफुगी झाली म्हणून रडत आलेल्या माणसाला त्या शांतपणे विचारत, "काय खाल्लं तिनं? आणि तू काय करत होतास तेव्हा, वाढत होतास?"

त्यांच्या जागी दुसरं कुणी यावं म्हणून सरकार जाहिराती देई. पण अर्ज कोण करणार? राज्यात जनावरांच्या डॉक्टरकीचं एकही कॉलेज नव्हतं. ज्याला शिकायचं त्यानं शेजारच्या राज्यात जायचं, तिथल्या परक्यांसाठी ठेवलेल्या चार-दोन जागांसाठी डोकं फोडायचं, परक्यांची दामदुप्पट फी भरायची. आणि इतकं करून शिकलेला माणूस तिकडच्या मुलीशी नाहीतर तिकडच्या पगाराशी लग्न करून तिकडचाच होऊन जाई. बाईंच्या बरोबरीनं गेलेले सगळे असेच गेले. बाई तेवढ्या परतल्या.

त्या का परतल्या, याचं उत्तर त्या माणूस बघून देत. मंत्र्यांना सांगत, देशसेवा. शेजारणींना सांगत, प्रेम. मास्तरांना सांगत, तुमच्या हातचा चहा. खरं कारण सांगायच्या भानगडीत त्या पडत नसत. शेवटच्या वर्षाला असताना सुट्टीला घरी आल्या, तेव्हा गावात तोंडखुरीची साथ येऊन गेली होती. गल्लीतले गोठे धुऊन, झाडून स्वच्छ केलेले होते आणि आत काहीही नव्हतं. गावात डॉक्टर कधी नव्हताच. बाईंनी परत जाऊन परीक्षा दिली आणि ट्रंक उचलून सरळ घर गाठलं.

पण आता त्यांचे गुडघे कुरकुरू लागले होते. मास्तरांना डोंगरापलीकडचा मोठा तलाव बघायचा होता. नकाशात आयुष्यभर दाखवलेला तलाव त्यांनी प्रत्यक्षात कधी बघितलाच नव्हता. मुदतवाढीचा नवा हुकूम आला त्या दिवशी मास्तरांनी काढलेली बॅग परत कपाटावर ठेवली, बस्स. ते बाईंना लागलं.

त्यांनी फोन उचलला आणि लांबीला लावला.

लांबी म्हणजे बाईंची कॉलेजातली, एकाच खोलीत राहिलेली मैत्रीण. ती इतकी उंच होती की वसतिगृहाचं दार बंद झाल्यावर खिडकीतून आत यायला तिला शिडी लागत नसे. आता ती शेजारच्या राज्यातल्या त्याच कॉलेजची प्राचार्य झाली होती. वय वाढलं, पद वाढलं, वात्रटपणा जागच्या जागी होता.

"तुझं कसं चाललंय?" बाईंनी विचारलं.

"कॉलेज आहे, वसतिगृह आहे, ऑपरेशनची खोली आहे. सरकारनं हात आखडता घेतलाय म्हणून निम्म्या खोल्यांना कुलूप आहे. आणि गंमत ऐक, शहर इतकं वाढलं की आसपास गाय उरली नाही. माझी पोरं कुत्र्यामांजरांवर शिकतात. परवा एकाला घोड्याचं खूर उचलायला सांगितलं तर त्यानं घोड्यालाच विचारलं, चालेल का म्हणून."

"माझ्याकडे गाई आहेत," बाई म्हणाल्या. "घोडे आहेत, मेंढ्या आहेत. शेतकी कॉलेज आहे, तिथे प्रयोगशाळा आहे, शिकवणारे आहेत. डॉक्टर नाहीत."

दोघी थोडा वेळ गप्प राहिल्या. कॉलेजात असताना त्या अशा एकदम गप्प झाल्या की वॉर्डनबाई उठून बसत.

बेत तसा सरळ होता. अख्खं नवं कॉलेज बांधायचं म्हटलं की सरकार नकाशे काढतं, पाहणी करतं आणि झोपी जातं. त्यापेक्षा आहे ते वाटून घ्यावं. मुलांनी पहिली वर्षं इथल्या शेतकी कॉलेजात शिकावं, मग लांबीच्या कॉलेजात जावं, आणि शेवटी परत येऊन इथल्या गोठ्यांत हात काळे करावेत. लांबीच्या मुलांनीही इकडे येऊन गाय कुठल्या बाजूनं लाथ मारते ते बघावं. खर्च दोन्ही सरकारांनी निम्मा निम्मा उचलावा. मुलांना फी मात्र घरच्यासारखी.

"सगळं खरं," लांबी म्हणाली, "पण आधी पुढे कोण होणार? आमचे म्हणणार, त्यांनी आधी हो म्हणू दे. तुमचेही तेच."

"तू तुझ्या सचिवांना सांग, आमचं सरकार तयार आहे. मी आमच्यांना सांगते, तुमचं तयार आहे. लग्नं जमवणारे करतात तसं."

"आणि त्यांनी कागद मागितला तर?"

"सांगायचं, वाटेत आहे. सरकारी कागद कायम वाटेतच असतो. यात खोटं काय?"

दुसऱ्याच आठवड्यात बाई राजधानीला जाऊन खात्याच्या सचिवांसमोर बसल्या. सचिव टापटिपीचे गृहस्थ होते आणि शेजारच्या राज्याला पाण्यात बघत. त्यांचे रस्ते आपल्यापेक्षा रुंद, त्यांचा विमानतळ आपल्यापेक्षा मोठा, हे शल्य ते उराशी बाळगून होते. बाईंनी गरीब चेहरा केला.

"साहेब, शेजारचे निम्मा खर्च द्यायला तयार झालेत. आपलंच घोडं अडलंय म्हणतात."

"ते तयार झाले?" सचिवांची मान वर झाली. "ते चिकट लोक?"

"मलाही नवल वाटलं. फक्त त्यांना एक शंका आहे, आपल्याला झेपेल का म्हणून. मी म्हटलं, साहेबांना विचारून सांगते. नाही झेपत तर तसं कळवू, त्यात लाज कसली."

सचिवांनी घंटी वाजवून फाइल मागवली.

डोंगराच्या पलीकडे लांबीनंही असाच डाव मांडला होता. तिच्या सचिवांचं दुखणं वेगळं होतं. या लोकांकडे दूध आहे आणि त्याचा त्यांना माज आहे, असं त्यांचं मत होतं. दूधवाले दिलदारपणात पुढे गेले म्हटल्यावर तेही हलले. दोन्हीकडच्या फायली अशा काही पळू लागल्या की वाटेतल्या कारकुनांना सही करताना धाप लागली.

इथवर सगळं सुंठीवाचून खोकला जावा तसं झालं. मग दोन्ही सचिवांनी प्रत्यक्ष भेटायचं ठरवलं.

बैठक सरहद्दीवरच्या सरकारी विश्रामगृहात होती. लांब टेबल, हिरवं कापड, पाण्याचे झाकलेले ग्लास. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला लांबी. दोघींनी एकमेकींना फारशी ओळख नसल्यासारखा नमस्कार केला. पलीकडच्या सचिवांनी सुरुवात केली.

"सर्वांत आधी आपल्या पत्राबद्दल आभार. आपण पुढाकार घेतलात, म्हणून आज आपण इथे बसलोय."

असं पत्र कुणी लिहिलंच नव्हतं, लांबीनं ते नुसतं 'वाटेत' ठेवलं होतं. बाईंच्या सचिवांच्या पापण्या दोनदा लवल्या. आपल्या सहीनं पत्र गेलं आणि आपल्याला पत्ता नाही, हे चारचौघांत कबूल करायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न. ते खुर्चीत सावरून बसले.

"हो, ते पत्र," ते म्हणाले. "जरा घाईत लिहिलं होतं. पण भावना प्रामाणिक होती."

"जाणवली ना," पलीकडचे म्हणाले.

"तुमचंही पत्र मोजक्या शब्दांत फार काही सांगणारं होतं."

आता पलीकडच्यांच्या पापण्या लवल्या. मग त्यांनीही विनयानं मान झुकवली. "आमची पद्धतच तशी आहे. कमी बोलायचं."

लांबीला जोराचा खोकला आला आणि ती रुमाल तोंडाशी धरून बाहेर गेली. बाई पाण्याच्या ग्लासाकडे एकटक बघत राहिल्या. वर बघितलं असतं तर संपलंच होतं. दुपारच्या जेवणाआधी करारावर सह्या झाल्या. दोन्ही सचिव एकमेकांना दारातून आधी बाहेर जाण्याचा आग्रह करत कितीतरी वेळ दारातच उभे राहिले.

व्हरांड्यात बाईंना खात्याच्या हिशेब अधिकाऱ्यांनी गाठलं. बुटका, जाड भिंगांचा चष्मा, बैठकभर एक अक्षर न बोललेला माणूस.

"बाई, खात्याची आवकजावक माझ्या नजरेखालून जाते," ते म्हणाले. "असं पत्र गेलंही नाही आणि आलंही नाही."

बाईंनी इकडेतिकडे बघितलं. नाकारण्यात अर्थ नव्हता. जित्राबानं लाथ उगारली की पाय मागे घेऊ नये, उलट त्याला बिलगून उभं राहावं, म्हणजे लागत नाही, हे त्या जनावरं घेऊन येणाऱ्या पोरांना शिकवत. त्या जवळ सरकल्या.

"मग आत जाऊन सांगताय का?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "नाही. करार चांगला आहे. शिवाय दरवर्षी तुमच्या मुदतवाढीची फाइल मलाच करावी लागते, त्याचा कंटाळा आलाय. पण दोन गोष्टी. एक, तुमच्या करारात मोठं भोक आहे. मुलं आपल्या पैशानं शिकतील आणि तिकडेच राहतील, तुमचे वर्गमित्र राहिले तशी. जो जितकी वर्षं शिकेल त्यानं तितकी वर्षं इथे नोकरी करायची, नाहीतर खर्च भरून द्यायचा. हे कलम मी आजच पुरवणी म्हणून जोडतोय."

हे आपल्याला कसं सुचलं नाही, या विचारानं बाई ओशाळल्या. आपण परतलो म्हणजे सगळे परततील, असं त्या मनोमन धरून चालल्या होत्या.

"आणि दुसरी?"

"पहिली तुकडी शिकून परत येईपर्यंत तुम्ही जागा सोडायची नाही. शेवटच्या वर्षाला गोठ्यात शिकवायला दुसरं कोण आहे?"

"अहो, निवृत्त व्हायला मिळावं म्हणून तर मी हा सगळा उपद्व्याप केला."

"ठाऊक आहे."

"हा सूड आहे."

"हिशेब आहे," अधिकारी म्हणाले आणि चष्मा लावून जेवायला गेले.

घरी आल्यावर बाईंनी मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर हसत सुटले. इतके हसले की त्यांना उचकी लागली. मग उचकी थांबली, आणि हसूही.

"म्हणजे अजून काही वर्षं," ते म्हणाले.

"तलाव कुठे जात नाही."

"तलाव आटतात," भूगोलाचे मास्तर म्हणाले.

त्या पावसाळ्यात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सलग रजा टाकली. मास्तरांना घेऊन तलावावर गेल्या आणि तिथल्या नावाड्याच्या बकरीचं गळू फोडून आल्या. मास्तरांनी बकरीचे पाय धरले होते. तलाव त्यांनी बकरीच्या शिंगांमधून बघितला.

जागा जाहीर झाल्या तशी तालुक्यातली मुलं अर्ज करू लागली. त्यांत पोस्टमनची मुलगी होती. तिला पाठवायला तिचा बाप तयार नव्हता. त्याचंही बरोबर होतं. सायकलवरून डाक वाटण्यात त्याची हयात गेली होती आणि गावातल्या प्रत्येक कुत्र्यानं त्याच्या पोटऱ्यांवर आपली सही केली होती. तो बाईंकडे येऊन पँट गुडघ्यापर्यंत वर करून बसला.

"बघा तुम्हीच. आणि माझी मुलगी ह्यांची सेवा करणार?"

"सेवा कोण म्हणालं?" बाई म्हणाल्या. "नीट विचार करा. गावातलं एकूण एक कुत्रं तुमच्या मुलीसमोर धरून आणतील आणि ती त्याला सुई टोचेल. दरवर्षी. सरकारी खर्चानं. याहून मोठा सूड तुम्हाला सुचतोय का?"

पोस्टमननं पँट खाली केली आणि बराच वेळ विचार केला. दुसऱ्या दिवशी अर्ज त्यानं स्वतः नेऊन दिला, तोही आपल्या फेरीतलं पहिलं टपाल म्हणून.

मुलाखतीला बाई आणि लांबी शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाकीच्या मुलांनी मुक्या प्राण्यांबद्दल कळवळ्याची भाषणं पाठ केली होती. पोस्टमनच्या मुलीला विचारलं, तुला हे का शिकायचंय. ती म्हणाली, "जी कुत्री बाबांना चावतात ती मला चावत नाहीत. यात चूक कुणाची ते मला शोधायचंय."

"बाबांची निघाली तर?" लांबीनं विचारलं.

"तर त्यांनाही सांगीन. पण हळूहळू."

ती निवडली गेली.

पुढची वर्षं बाईंनी कुरकुरत आणि मनातून मजेत घालवली. शेतकी कॉलेजात त्या हाडं शिकवायला जात. लांबीच्या शहरी पोरांना गोठ्यात उभं करून म्हणत, "गाईला फोन दाखवू नका, ती तुम्हाला दूध दाखवणार नाही." सगळंच काही सुरळीत झालं नाही. एक हुशार मुलगा तिकडेच राहिला. सासऱ्यानं त्याच्या वतीनं सरकारची भरपाई केली. हिशेब अधिकाऱ्यांनी पैसे मोजून घेतले आणि पुढच्या वर्षी एक जागा वाढवली. बाई मात्र त्या मुलाला भेटेल त्याच्याजवळ शिव्या देत राहिल्या.

पोस्टमनच्या मुलीलाही तिकडच्या एका चकचकीत दवाखान्यानं बोलावलं होतं. थंडगार खोल्या, गुळगुळीत फरशी, नखं रंगवलेली कुत्री. लांबीनं बाईंना कळवलं, तिला समजाव. बाईंनी समजावलं नाही. शेवटच्या वर्षाच्या कामासाठी ती दवाखान्यात येत होती, तेव्हा त्यांनी तिला एवढंच विचारलं, "जाणार का?"

"करार आहे ना," मुलगी म्हणाली.

"कराराचं सोड. करार मीच केलाय, त्याची लायकी मला ठाऊक आहे."

"तिथे मला सगळे मॅडम म्हणतात. इथे परवा एका आजीनं कोंबडी माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाली, घे गं, बघ हिला काय झालंय. मला ते बरं वाटलं."

बाईंनी चेहरा वळवून फ्रिजमधल्या लशी पुन्हा एकदा तपासल्या. त्या नुकत्याच तपासून झाल्या होत्या.

ती परीक्षा देऊन परतली आणि बाईंच्या खुर्चीत बसली. बाई खरोखरच निवृत्त झाल्या, या वेळी समारंभ वगैरे न करता. पोस्टमन आता छाती काढून डाक वाटू लागला. कुत्र्यांना त्याचं काही नव्हतं, ती पूर्वीसारखीच चावत राहिली. मुलीनं शोध लावला होता की चूक सायकलच्या चाकाला बांधलेल्या फडफडत्या प्लास्टिकच्या पट्टीची आहे. पट्टी काढ म्हटलं तर बाप काढेना. म्हणाला, एवढी वर्षं झाली, आता त्यांना चुकल्यासारखं होईल.

निवृत्त झालेल्या बाईंना मात्र घरात करमेना. पहिल्या दिवशी त्या दवाखान्यात छत्री विसरली म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी छत्री ठेवायला गेल्या. मग बाजाराची वाट एकाएकी दवाखान्यावरून जाऊ लागली. खिडकीतून डोकावून त्या सांगत, "टाका जरा खालून घाल," किंवा "ती घोडी डावीकडून लाजते हं." शेवटी नव्या डॉक्टरीणबाईंनी हातातलं काम न थांबवता सांगितलं, "बाई, दवाखान्यात यायचं तर जनावर घेऊन यायचं आणि बाकावर पाळी येईपर्यंत बसायचं. नियम तुमचाच आहे."

बाई घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर एक मेंढी, एक करडू आणि मास्तर बसले होते. मास्तरांच्या शेजारी बाई, हात मांडीवर ठेवून, अगदी शहाण्यासारख्या. पाळी आली तशी त्यांनी मास्तरांना दंडाला धरून आत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. तिनं हसू आवरलं आणि हातमोजे चढवले.

"काय त्रास आहे?"

"कालपासून धड चरत नाहीये," बाई म्हणाल्या.

"वय?"

"ते तो सांगत नाही. दात बघून ठरव."

मास्तरांनी तोंड उघडलं.